नवीन शिक्षिकेला मदत करायची आहे, पण ती काहीच विचारत नाही

सातवी_ब:
नमस्कार. मी १९ वर्षं भाषा शिकवते. यंदा आमच्याकडे विज्ञानाला एक नवीन मुलगी आली आहे, पहिलीच नोकरी. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तिच्याकडे जरा लक्ष द्या आणि सहामाहीला तिचं काम कसं चाललंय ते मला लिहून द्या."

पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, काही अडलं तर केव्हाही विचार. सात आठवडे झाले. तिने मला दोनच गोष्टी विचारल्या: झेरॉक्सच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि रजा आधी कुणाला कळवायची.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर तिच्या वर्गावरून जात होते. आत नुसता गोंधळ. ती फळ्याकडे तोंड करून पेशीची आकृती काढत होती. म्हणजे आकृती केव्हाच काढून झाली होती, ती त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा खडू फिरवत होती. तिला मागे वळायचं नव्हतं. मला राहवलं नाही. मी दारात उभी राहून आवाज चढवला, वर्ग एका क्षणात चिडीचूप. ती "थँक्यू मॅडम" म्हणाली, पण चेहरा पार उतरला होता. तेव्हापासून स्टाफरूममध्ये ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत नाही.

मला खरंच तिला सांभाळून घ्यायचं आहे. कसं करू?

खडू_डस्टर:
मॅडम, ३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. तुमची तळमळ पोचली, म्हणून स्पष्ट लिहितो.

सगळ्यात आधी ते लिहून देण्याचं काम अंगावरून उतरवा. जिला आपल्याबद्दल वर कळवायचं आहे तिच्यापुढे कुणी आपली अडचण मांडेल का? इंग्लंडमध्ये नवीन शिक्षकाला हात देणारा मार्गदर्शक आणि त्याच्या कामाचं मूल्यमापन करणारा, ही दोन माणसं शक्यतो वेगळी ठेवतात. तुमच्या मुख्याध्यापकांना सांगा, अहवाल पर्यवेक्षकांनी द्यावा, मी तिच्या बाजूने उभी राहते. आणि हे ठरल्यावर तिलाही सांगा. तिला ते ठाऊक नसेल तर काहीच बदलणार नाही.

दुसरं, दारातून वर्ग शांत करण्याबद्दल. माझ्या पहिल्या वर्षी असंच झालं होतं. शेजारच्या वर्गातले एक ज्येष्ठ सर आले, टेबलावर पट्टी आपटली, वर्ग गप्प करून गेले. हेतू चांगलाच होता. पण त्या दिवशी माझ्या मुलांना कळलं की या सरांना वर्ग आवरत नाही आणि आवरणारा माणूस भिंतीपलीकडे आहे. पुढे तो वर्ग माझ्या हातात यायला वर्ष गेलं.

तिला तुमच्या वर्गात बोलवा. आणि चांगला वर्ग निवडू नका! ज्या वर्गात तुमचीही दमछाक होते, त्यात मागच्या बाकावर बसवा. जेकब कौनिन नावाच्या संशोधकाने वर्गांची चित्रफीत पाहून १९७० मध्ये मांडलं होतं की चांगला वर्ग आणि बिघडलेला वर्ग यांतला फरक शिक्षक गोंधळ झाल्यावर काय करतो यात फारसा दिसत नाही. तो आधीच्या गोष्टींत असतो. शिक्षकाला पाठीलाही डोळे आहेत हे मुलांना जाणवलं पाहिजे. तुम्ही १९ वर्षांत हे इतकं अंगवळणी पाडलं असेल की बोलून दाखवताच येणार नाही. फळ्यावर लिहिता लिहिता तुम्ही वर्गाकडे पाठ न करता तिरक्या उभ्या राहता, बोलता बोलता दुसऱ्या रांगेत जाता, एखाद्या वहीवर नुसतं बोट ठेवता. हे बघूनच कळतं.

आकृतीचं म्हणाल तर ती तास सुरू होण्याआधी अर्धी काढून ठेवायची. उरलेली एकेक भाग करत, प्रत्येक भागानंतर वर्गाकडे वळून, मुलांच्या वहीत उतरवून घेत. पाठ एका वेळी अर्धा मिनिट वळली तर पुरे.

दुसरं_वर्ष:
मी स्वतः दुसऱ्या वर्षाची शिक्षिका आहे, म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

"केव्हाही विचार" म्हटलं की आम्ही विचारत नाही, ताई. तुम्ही वह्या तपासत असता, फोनवर असता, दमलेल्या असता. प्रत्येक वेळी वाटतं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्यायचा. मला गेल्या वर्षी ज्या मॅडमनी तारलं त्यांनी वेळापत्रकात आमच्या दोघींचा एकच मोकळा तास शोधला आणि सांगितलं, या तासाला आपण बसायचंच, प्रश्न असो नसो. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "या आठवड्यात कोणत्या तासाला जाताना पोटात गोळा आला?" मी पहिल्यांदा रडले ती त्या प्रश्नाला.

आणि ज्या गोष्टी सगळ्यांना माहीतच आहेत असं तुम्हाला वाटतं, त्या सांगा. निकालपत्रकात गैरहजर मुलाचं काय लिहायचं. पालक चिडून आले तर एकटीने बोलायचं की कुणाला बोलवायचं. माझ्या वर्गात एका मुलाला डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं, हे आधीच्या वर्गशिक्षिकेला माहीत होतं, मला तीन महिन्यांनी कळलं. तोवर मी त्याला लक्ष देत नाहीस म्हणून बोलत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एक विचारू? तिला कोणते वर्ग दिले आहेत? बहुतेक शाळांत जे वर्ग कुणालाच नको असतात ते नवीन माणसाच्या गळ्यात पडतात, वर स्नेहसंमेलनही त्याच्याकडेच. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नवीन शिक्षकाला पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के तास कमी देतात. आपण तेवढं करू शकलो नाही तरी जादा कामं तरी काढून घ्या.

प्रयोगवही:
खडू_डस्टर सरांचं पटलं, पण तिच्या वर्गात अजिबात जायचंच नाही असं करू नका. तिने बोलावलं तर जा आणि ती म्हणेल ती एकच गोष्ट बघा. माझ्या मार्गदर्शक सरांनी फक्त एक मोजलं होतं: मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो. तासानंतर कागद हातात दिला. १, १, २, १, १. त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने विज्ञानाच्या तासांवर हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभर थांबत, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबत, एरवी गप्प असणारी मुलंही बोलत.

शिवाय तुम्ही भाषेच्या, ती विज्ञानाची. स्मिथ आणि इंगरसॉल यांच्या २००४ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात मार्गदर्शक आपल्याच विषयाचा असलेले आणि इतर शिक्षकांबरोबर नियोजनाला वेळ मिळालेले नवीन शिक्षक नोकरी कमी सोडताना दिसले. प्रयोगशाळेतली बाजू तुमच्या विज्ञानाच्या एखाद्या जुन्या शिक्षकांकडे सोपवा.

सातवी_ब:
तिघांचेही मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे.

मुख्याध्यापकांनी अहवालाचं काम पर्यवेक्षकांकडे दिलं. मग मी तिला गाठून सांगितलं की त्या दिवशी मी तुझ्या वर्गात तसं बोलायला नको होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, त्यानंतर मुलं मला विचारतात, त्या मॅडमना बोलावणार का?" सर, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच.

मंगळवारी ती माझ्या सातवी ब मध्ये शेवटच्या तासाला येऊन बसली. वर्ग नेहमीसारखाच चुळबुळत होता, दोनदा माझाही धागा तुटला. तास संपल्यावर तिने वही उघडली आणि विचारलं, "खिडकीजवळच्या त्या दोघींना तुम्ही एकदाही प्रश्न विचारला नाहीत, ते मुद्दाम का?" मुद्दाम नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शुक्रवारचा चौथा तास आमचा दोघींचा ठरला आहे. पालकसभेत काय बोलायचं ते ती लिहून आणणार आहे आणि मी पालक होऊन तिला उलट प्रश्न विचारणार आहे.