तूर विकून डाळ विकत आणायची, हे कुठवर चालणार?

वणीची सून
दोन वर्षांपूर्वी आमच्या घरची सगळी तूर विकली. पुढच्याच आठवडी बाजारातून मी दोन किलो तूरडाळ विकत आणली. ती पिशवी हातात धरून घरी येताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून ठरवलं, आधी घरची डाळ, मग विक्री.

आम्ही पाच माणसं. महिन्याला चार किलो डाळ लागते, म्हणजे वर्षाला पन्नासेक किलो. क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, तेव्हा पाऊण क्विंटल बाजूला काढली की वर्ष निघते. तूर रात्रभर भिजवायची, उपसून अंगणात खडखडीत वाळवायची. दाताखाली कटकन फुटली की चक्कीवर भरडायला न्यायची. मग पाखडून, एरंडेलाचा हात लावून कोठीत भरायची. भरडताना पडलेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, गाईला होते. बाकीच्या किराण्याची यादी मी डबे उघडून पाहिल्याशिवाय करत नाही. परसात अंबाडी असली की त्या आठवड्यात भाजीचे पैसे वाचतात. शेतकऱ्याच्या घरचा किराणा खळ्यावरच ठरला पाहिजे, असं माझं मत आहे.

कपाशीवाला, दारव्हा
ताई, मन मानते पण हिशेब मानत नाही. 2025-26 च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव 8000 रुपये क्विंटल. पाऊण क्विंटल म्हणजे 6000 रुपये घरात अडकले. जानेवारीत दुकानदाराची उधारी दारात उभी, मार्चअखेर पीककर्ज भरायचं. त्या वेळी 6000 फार मोठे असतात. शिवाय आमच्याकडं ठेवलेल्या तुरीला भुंगा लागला, अर्धं पोतं गुरांना घातलं.

वणीची सून
भाऊ, भुंगा अख्ख्या तुरीला लवकर लागतो, भरडलेल्या डाळीला त्या मानानं कमी. म्हणून उन्हं तापायच्या आधीच भरडून घ्या. आणि 6000 अडकत नाहीत हो. तेच पैसे आपण वर्षभर दोन-दोन किलोनं दुकानात देतो, वर मिलवाल्याचा, गाडीभाड्याचा आणि दुकानदाराचा पैसा. वहीवर लिहून आणलेल्या डाळीचा तर भावही विचारता येत नाही.

मास्तरीण, पुसद
मला दुसरंच खटकतं. भिजवणं, वाळवणं, पाखडणं, ढग आले की धावत जाऊन गोळा करणं, हे सगळं कोण करतं? त्याच दिवसांत हरभऱ्याची सोंगणी असते. बाईनं तिथं मजुरी केली असती तर रोख मिळाली असती. तुमच्या बचतीत ही मजुरी धरलेलीच नाही. माझी आई अशीच राबली आणि घरात सगळे म्हणत राहिले, डाळ फुकटात पडली.

वणीची सून
हे मला लागलं, आणि खरं आहे. मजुरी मी धरली नव्हती. चार दिवस धरले तर बचत बरीच खाली येते. तरी मी डाळ घरीच करीन, कारण ऐन पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा कोठीत वरणाची सोय असते. पण वाळवण-पाखडण एकट्या बाईवर नको, हे मान्य. यंदा घरातल्या सगळ्यांना बसवीन.

रोजंदारीवाली, घाटंजी
तुमी सारे खळ्यावाले बोलून राह्यले. आमाले शेत नाही. तेलाचा डबा घेतला तं स्वस्त पडते हे मलेही समजते, पण एका दिवशी तेवढे पैसे कुठून आणू? मजुरी हाती येते तवा वीस रुपयाचं तेल, दहाचं तिखट. रेशनचं माणशी पाच किलो धान्य भेटते, 2023 पासून त्याचे पैसे लागत नाही, त्यानं धकते. डाळ मात्र नगदीच. म्हणून चुनाचंच, म्हंजे बेसनाचं, कोरड्यास जास्त.

कपाशीवाला, दारव्हा
बाई, तूर काढणीची मजुरी धान्यात घेता येते की. पूर्वी आमच्याकडं तशीच द्यायचे.

रोजंदारीवाली, घाटंजी
घेता येते, पण देणारानं दिली पाहिजे ना भाऊ. मागच्या वर्षी एका शेतात मागतली. म्हणे भाव वाढून राह्यला, नगदच घे. काढणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचून दोन पायल्या जमल्या, त्याच पुरवून-पुरवून खाल्ल्या. वणीच्या ताई, तुमची तूर निघाली की सांगा. चार दिवस येईन, पाखडूनही देईन. मले पैसे नोको, डाळ द्या.