बिडी सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून माणसं परत ओढायला लागलीत. काय सांगू त्यांना?

शिरोलीकर:

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत टाइमकीपर आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण सध्या ११ जणांची एक वही माझ्याकडं आहे आणि तिच्यामुळं झोप लागत नाहीये.

झालं असं, की मार्चमध्ये आमच्या मोल्डिंगमधला एक जण हार्ट अटॅकनं गेला. वय ४४, दिवसाला दीड बंडल बिडी. त्याच्या दहाव्याहून परत येताना ट्रॅक्समध्ये बसलेल्यांनी ठरवलं, आता बास. तेव्हापासून वही. ज्यानं दिवसभर ओढली नाही त्याच्या नावापुढं रेघ, ओढली तर फुली. पाळी सुटताना माझ्या टेबलापाशी येऊन प्रत्येक जण स्वतःच्या तोंडानं सांगतो. खोटं कोणी बोलत नाही, कारण गेलेल्या माणसाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे.

फर्नेसवरच्या एकाला आम्ही सगळे दाजी म्हणतो. सलग २३ रेघा त्याच्या. २४व्या दिवशी सकाळी आला आणि खिशातनं टूथब्रश काढून माझ्या टेबलावर ठेवला. ब्रशचे केस मुळापाशी गुलाबी झालेले. म्हणाला, "अण्णा, वीस वर्षं बिडी ओढली, हिरडीतनं कधी थेंब आला नाही. सोडली आणि हे बघा. बिडीनं दात धरून ठेवलं हुतं, आता ढिलं व्हाय लागलंय." त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत फुली पडली. आठवड्याभरात आणखी दोघांचं तसंच. आता बाकीचे आठ जणही सकाळी थुंकी बघत बसतात.

बिडी सोडल्यानं खरंच रक्त येतं का? येत असेल तर ह्या माणसांना पटेल असं कसं सांगू? दात उपटायचा सोडला तर ह्यातला एकही दाताच्या डॉक्टरकडं कधी गेलेला नाही, आणि "दात साफ करून घेतले की हलायला लागतात" हे सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. आणखी एक. तल्लफ आली की तोंडात टाकायला म्हणून मी पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवतो. दोन दिवसांत संपतं. हे बरोबर करतोय का?

दंतवैद्य_कराड:

शिरोलीकर, दाजींना जे दिसलं ते खरं आहे. त्याचा अर्थ मात्र त्यांनी उलटा लावला.

निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत सूज असते, कीटण साचलेलं असतं, दाताभोवतीचं हाड झिजत असतं, पण रक्त दिसत नाही. बिडी ओढणाऱ्याची हिरडी वरून फिकट आणि टणक दिसते, माणसाला वाटतं आपले दात दगडासारखे. मी मोजपट्टीच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालते. चांगल्या हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते. ह्यांच्यात सहा-सात मिलिमीटर आत जाते आणि तरी रक्ताचा टिपूस नाही. बिडी थांबल्यावर काही आठवड्यांत हिरडीचा रक्तपुरवठा सुधारतो आणि मग जुनी सूज रक्ताच्या रूपानं दिसते. म्हणजे आजार आधीचाच, फक्त झाकण निघालं.

रक्त येतं म्हणून ब्रश बंद करायचा नाही, हे सगळ्यांत आधी सांगा. बहुतेक जण नेमकं तेच करतात, बोटानं मंजन लावतात आणि कीटण वाढतं. मऊ केसांचा ब्रश, सकाळी आणि रात्री झोपताना. काळे डाग जावेत म्हणून राख, मीठ, कोळसा घासू नका, दाताचं वरचं आवरण झिजतं आणि डाग तसेच राहतात. ते सफाईनंच निघतात.

सफाईनं दात हलतात ही भीती मी रोज ऐकते. वर्षानुवर्षांचं कीटण सिमेंटसारखं दोन-तीन दातांना एकत्र बांधून ठेवतं. खालचं हाड आधीच गेलेलं असतं. कीटण काढलं की दात किती ढिला झालाय ते कळतं. जितकी उशिरा सफाई, तितका जास्त दात हलणार. हे त्यांना आधी सांगून मग खुर्चीत बसवलं तर माणूस घाबरत नाही. नंतर कळलं तर तो पुन्हा येत नाही आणि गल्लीत चार जणांना अडवतो.

पेपरमिंट बंद करा. दिवसभर साखर गालात धरली की दात किडतात, आणि हिरडी खाली गेलेल्या दाताचं मूळ उघडं असतं, ते तर फार लवकर किडतं. बडीशेप, लवंग, वेलची द्या. सुपारी अजिबात नको, तंबाखूशिवायचीसुद्धा. नुसती सुपारी कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तसं जाहीर केलंय, आणि तिच्यानंच तोंड उघडेनासं होतं.

तोंड येणं हाही सोडल्यानंतरचा एक त्रास. बारीक, झोंबणारे फोड पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना येतात आणि आपोआप जातात. पण एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर एक दिवसही थांबू नका.

माझी एक कळकळीची विनंती. पुढच्या वेळी कोणी सोडायचं ठरवलं, की पहिल्याच दिवशी सांगा, "दोन-चार आठवड्यांत ब्रशला रक्त दिसेल, घाबरायचं नाही." आधी सांगितलेलं असलं की तेच रक्त बघून माणसाला धीर येतो.

बार्शीचा_ड्रायव्हर:

मी एस.टी.त ३१ वर्षं गाडी चालवली. सिगारेट २०१७ला सोडली. डॉक्टरबाईंचं वाचलं आणि वाटलं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर दोन दाढा वाचल्या असत्या.

दाढ काढली त्या दिवशी संध्याकाळी डेपोच्या मागं मी सिगारेट ओढली. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. झुरक्यानं जखमेतली रक्ताची गुठळी निघाली आणि हाड उघडं पडलं. तिसऱ्या दिवसापासून कानापर्यंत जी कळ गेली ती पाच रात्री. सोलापूर-पुणे गाडी टेंभुर्णीला थांबवून मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलो होतो, प्रवासी पाणी आणून देत होते. सोडायचं तिथं ठरलं.

सगळ्यांत अवघड जेवणानंतरची सिगारेट. हात आपोआप खिशाकडं जातो. मी डब्याच्या पिशवीत ब्रश ठेवायला लागलो. शेवटचा घास झाला की पाणी पिऊन थोडं थांबायचं आणि ब्रश. तोंडात पेस्टची चव असली की सिगारेट कडू लागते, आणि तल्लफेची ती पाच-सात मिनिटं निघून जातात. तुमच्या माणसांना कँटीनच्या नळाजवळ ब्रश ठेवायला एक फळी करून द्या.

निकोटिनची चावायची गोळी (च्युइंगम) घेणार असतील तर नीट शिकवा. मी ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली आणि उचकी, छातीत जळजळ. सावकाश चावायची, तिखटसर झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, झिणझिण गेली की परत चावायची. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर ती लागू पडत नाही. ज्यांना कवळी किंवा ब्रिज आहे त्यांना ती चिकटते, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे. मी रात्रपाळीच्या आधी तिथल्या ताईंशी बोलायचो, फार धीर द्यायच्या.

आशाताई_मिरज:

दादा, एक नजर ठेवा. बिडी सोडली म्हणणारे चुना-तंबाखूची चिमूट धरतात आणि वहीत रेघ मारून घेतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी ते व्यसनच नाही. २०१६-१७च्या पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे ३.८ टक्के आणि तंबाखू, गुटखा, मिश्रीवाले २४.४ टक्के निघाले. गुटखाबंदी २०१२पासून आहे, तरी.

आम्ही आशा कार्यकर्त्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतो, त्यात तोंडातला चट्टा, जखम, तोंड उघडायला त्रास हे विचारायचंच असतं. मी विचारून थांबत नाही. खालचा ओठ बाहेर ओढून दाखवा म्हणते. माझ्या सासऱ्यांचा चट्टा असाच सापडला, चिमूट ठेवायच्या नेमक्या जागी, करवंदाएवढा, दुधाच्या सायीसारखा. ते म्हणत होते चुन्यानं भाजलंय. तपासणी लवकर झाली, आज ते शेतात जातात. तुमच्या माणसांना घरी बायकोसमोर आरशात ओठ उलटून बघायला सांगा. आणि बायकोलाही. घरात मिश्री लावणारी कोणी असली तर हे दात घासणं नाही, तंबाखूच आहे, हे तेव्हाच सांगून टाका.

शिरोलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. पेपरमिंटचं पाकीट काढलं, बडीशेपेचा डबा ठेवला. वहीत "तंबाखू" असा वेगळा रकाना केला, आणि पहिल्याच दिवशी त्यात तीन फुल्या पडल्या. ताई, तुमचं खरं निघालं.

काल दाजीला भट्टीपाशी गाठलं. हिरडी, रक्तवाहिनी असलं काही बोललो नाही. रिजेक्शनच्या ढिगातलं एक कास्टिंग उचलून त्याच्या हातात दिलं. वरून एकदम साफ, मशीन शॉपला वरचा थर निघाला आणि आत ब्लोहोल. विचारलं, हे भोक मशीनवाल्यानं पाडलं का? तो म्हणाला, "न्हाई, ओततानाच ऱ्हायलंय." म्हटलं, तुझ्या हिरडीचं तसंच आहे, बिडी होती तोवर वरचा थर होता. बराच वेळ त्या भोकात बोट फिरवत राहिला. मग विचारलं, "हे कास्टिंग आता भट्टीत परत जातंय. माझं भोक बुजतंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टर, काय सांगू?

दंतवैद्य_कराड:

खरं तेच सांगा. सूज उतरेल, रक्त थांबेल, हिरडी दाताला घट्ट बसेल. गेलेलं हाड बहुतेकदा परत येत नाही. पण बिडी बंद राहिली, सफाई झाली आणि दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहिले, तर आहे तेवढं हाड टिकवता येतं, आणि तेवढ्यावर दात पुष्कळ वर्षं राहतात. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर आधी तिथं चौकशी करा, नाहीतर जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग आहे. दाजींबरोबर पहिल्या वेळी तुम्ही स्वतः जा.

शिरोलीकर:

जातो. सोमवारी त्याची सुट्टी आहे, मी रजा टाकली. बाकीच्या दोघांनीही येतो म्हणून सांगितलंय.