अनुभव धागा: फ्लॉप्या – ३६० केबी, १.२ एमबी, ७२० केबी, १.४४ एमबी

मंडळी, सदाशिव पेठेतलं घर पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा उपसला, तर बाबांचा फ्लॉप्यांचा, म्हणजे संगणकाच्या जुन्या चुंबकीय तबकड्यांचा, डबा निघाला. वर सव्वापाच इंची लवचीक, खाली साडेतीन इंची कडक. त्यांची पत्रं यातच असणार. यूएसबीची साडेतीन इंची ड्राइव्ह आणली. चार फ्लॉप्या उघडल्या, बाकीच्यांना संगणक विचारतो, ‘फॉरमॅट करायची?’ मी दरवेळी ‘नको’ म्हणते. दिसायला सारख्याच, मग एक वाचते आणि दुसरी का नाही? ज्यांनी ही यंत्रं हाताळली त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहा.

एरंडवण्याहून, निवृत्त प्राध्यापक:
ताई, ‘नको’ म्हणालात ते फार बरं केलंत. १९८९ साली माझा दख्खनच्या बेसॉल्टवरचा प्रबंध वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये चालला होता. घरी एक्सटी (जुनं पीसी मॉडेल), तिला ३६० केबीची ड्राइव्ह. विभागात एटी (त्यापुढचं मॉडेल), तिला १.२ एमबीची. माझी ३६०ची फ्लॉपी दोन्हींत बसायची. एकदा एटीवर दुरुस्त्या केल्या, सेव्ह केलं, सायकल मारत घरी आलो. तिसरं प्रकरण उघडेना. ड्राइव्ह कर्र-कर्र करत तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपत होती आणि पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’. परत विभागात नेली तर तीच फाइल सुरळीत! दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

मग उलगडलं. ३६०च्या फ्लॉपीवर एका बाजूला ४० ट्रॅक (लिखाणाचे गोल पट्टे), १.२वर ८०. म्हणून एटीच्या ड्राइव्हचं लिहिण्या-वाचण्याचं हेड बारीक. घरच्या ड्राइव्हने ओढलेल्या रुंद पट्ट्यावर एटीने आपला अरुंद पट्टा लिहिला, कडेला जुनं लिखाण तसंच उरलं. घरचं रुंद हेड नवं-जुनं एकदम वाचायचं आणि गोंधळायचं. यावर तोड एकच होती. कधीही न वापरलेली कोरी फ्लॉपी एटीवर फॉरमॅटच्या आज्ञेत स्लॅश ४ देऊन, म्हणजे ३६०चीच, फॉरमॅट करायची आणि घरी ती फक्त वाचायची, एक अक्षरही लिहायचं नाही. प्रबंध तसाच पुरा केला.

कोथरूडहून, हार्डवेअर दुरुस्तीवाला:
काकांनी सांगितलं ते सव्वापाचचं. साडेतीनमध्ये ७२० आणि १.४४ दोन्हींना ८० ट्रॅकच, फरक सेक्टरांचा, म्हणजे ट्रॅकच्या तुकड्यांचा: ७२०ला ९, १.४४ला १८. ८० गुणिले २ बाजू गुणिले १८ गुणिले ५१२ बाइट म्हणजे १४,७४,५६०. (‘१.४४ एमबी’ हा आकडा १४४० केबीला हजाराने भागून आलाय, कुठल्याच नीट हिशेबात बसत नाही.)

ड्राइव्हला फरक कळतो तो भोकावरून. १.४४ला दोन भोकं, ७२०ला एकच. ७२० स्वस्त पडायच्या, म्हणून आम्ही तपकीर गल्लीतून त्या आणून सोल्डरिंग आयर्नने दुसरं भोक पाडायचो. फॉरमॅट व्हायच्या, पण थोड्या महिन्यांत एकेक सेक्टर जायचा, कारण १.४४चा चुंबकीय थरच वेगळा असतो. एका मित्राचा अख्खा प्रोजेक्ट गेला, ते मला अजून लागून आहे. ताई, तुमच्या फ्लॉप्यांत एखाद्या भोकाची कड वितळलेली आहे का? आधी ७२०ला फॉरमॅट करून मग भोक पाडलेलं असेल तर १.४४ची ड्राइव्ह ती वाचणार नाही. त्या पाडलेल्या भोकावर अपारदर्शक चिकटपट्टी लावून बघा.

नारायण पेठेतून, डीटीपी केलेली:
घालण्याआधी थांब गं. सरकतं पत्र्याचं झाकण बाजूला करून तबकडी उजेडात फिरव. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसतील. तशी फ्लॉपी घातलीस तर हेड माखतं आणि पुढची चांगलीही खरवडली जाते. आणि आधी लिहिणं बंद कर: साडेतीनची कोपऱ्यातली सरकती खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाचची खाच झाकायची. दोन्हींचं अगदी उलटं आहे, इथे भलेभले चुकायचे. मॅकच्या ८०० केबीच्या असतील तर यूएसबी ड्राइव्ह नाहीच वाचणार. मॅक आतल्या ट्रॅकला तबकडी जोरात फिरवायचा, बाहेरच्या ट्रॅकला हळू.

धागाकर्ती:
तीन फ्लॉप्यांच्या भोकांची कड खरंच वितळलेली निघाली! बुरशी नव्हती. खिडकी उघडली, भोकावर काळी पट्टी लावली. दोन अजून गप्प आहेत, तिसरीत ‘पत्र०१’ ते ‘पत्र१९’ अशा फायली दिसल्या. आधी सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. पण उघडल्या की अक्षरं भलतीच दिसतात. बाबांच्या मशीनमध्ये जिस्ट कार्ड (देवनागरी लिहिण्यासाठीचं) होतं एवढं आईला आठवतंय.

नारायण पेठेतून:
मग ते इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांची जुनी संगणकी सांकेतिक पद्धत, असणार, फाइल धड आहे. इस्कीचं आजचं युनिकोड करता येतं. मूळ फायलींना हात लावू नकोस, प्रत काढून ‘पत्र०१’ आधी करून बघ.