शब्दचर्चा : कॅड मॉडेलचे ‘संपादन’ म्हणावे की आणखी काही?

प्रश्न : भोसरीतील एका टूलरूमसाठी (साचे व हत्यारे बनवणाऱ्या कार्यशाळेसाठी) मराठीतून कार्यसूचना लिहिण्याचे काम चालू आहे. ग्राहकाकडून आलेले कॅड मॉडेल (संगणकावर रेखाटलेला वस्तूचा त्रिमितीय आकार) कॅममध्ये (मशिनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घेऊन टूलपाथ (कापणाऱ्या टूलचा मार्ग) काढण्यापूर्वी त्यावर जे काही केले जाते, त्या सर्वाला मसुद्यात ‘मॉडेल संपादन’ म्हटले आहे. प्रोग्रॅमर मात्र ‘मॉडेल साफ करणे’ म्हणतात. कोणता शब्द ठेवावा?

उत्तर : बोलण्यात ‘साफ करणे’ खुशाल राहू द्यावे, परंतु लेखी सूचनेत हे दोन्ही शब्द टाळावेत, कारण ज्यांची जबाबदारी वेगवेगळ्या माणसांवर आहे अशी तीन कामे त्यांत एकत्र होतात. माझ्या मते ‘दुरुस्ती’, ‘तयारी’ आणि ‘बदल’ असे तीन शब्द कटाक्षाने वेगळे वापरावेत.

फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना, विशेषतः जुन्या आयजीईएस स्वरूपात, शेजारच्या पृष्ठांच्या कडा जुळत नाहीत, बारीक फटी राहतात, एखादे पृष्ठ गळते किंवा दोनदा येते. ते सांधून बंद घन (कोठेही फट नसलेला भरीव आकार) मिळवणे ही दुरुस्ती होय. तिच्यात मूळ आकार बदलत नाही.

तयारी केवळ मशिनिंगच्या सोयीसाठी आणि मॉडेलच्या प्रतीवर होते. फिनिशिंगचा बॉलनोज (गोल टोकाचा) कटर भोकात उतरू नये म्हणून भोके तात्पुरती बुजवणे, टूल कडेच्या बाहेर सुरळीत जावे म्हणून पृष्ठ वाढवणे, जॉबचा (मशिनवर कापायच्या वस्तूचा) शून्यबिंदू आणि झेड अक्षाची दिशा ठरवणे ही सर्व तयारीच आहे.

बदल मात्र डिझायनरच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये. पॉकेटचा (जॉबमध्ये कोरलेल्या खोलगट भागाचा) आतला कोपरा मॉडेलमध्ये धारदार असेल, तर १० मिलिमीटर व्यासाचा एंडमिल (फिरणारा दंडगोल कटर) तेथे किमान ५ मिलिमीटरची त्रिज्या सोडतो. प्रोग्रॅमरने ती त्रिज्या परस्पर मॉडेलमध्ये घालून टाकली, तर त्या पॉकेटमध्ये बसणारा चौकोनी भाग कोपऱ्यांत अडकेल. याला ‘संपादन’ म्हटले की हे कामही किरकोळ वाटू लागते, आणि म्हणूनच त्या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

पुरवणी प्रश्न : टॉलरन्सचे (मापात चालणाऱ्या तफावतीचे) काय? डिझायनर मॉडेल नाममात्र (तफावत न धरलेल्या मूळ) मापाचे करतो आणि प्रोग्रॅमर ते माप सरकवतो. आकार तर बदलतोच. मग हा बदल का नव्हे?

उत्तर : हीच खरी कसोटीची जागा आहे. २० एच७ बोअरची (२० मिलिमीटर व्यासाच्या भोकाची; एच७ हा टॉलरन्सचा वर्ग) मर्यादा २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर असते, पण मॉडेलमध्ये नेमके २०.००० असते, त्या मापावर मिलिंग केले तर टूलची थोडी चूकही बोअर लहान करते. २० जी६ शाफ्टची (दांड्याची; जी६ हाही टॉलरन्सचा वर्ग) गोष्ट याहून स्पष्ट आहे. त्याची मर्यादा १९.९८० ते १९.९९३ असल्यामुळे २०.००० चे मॉडेल जसेच्या तसे कापले, तर जॉब मर्यादेबाहेरच जातो. म्हणून माप मर्यादेच्या मध्यावर आणणे ही तयारी समजावी, कारण त्यामुळे ड्रॉइंगने मागितलेली वस्तूच मिळते. ड्रॉइंगवरील मर्यादा ओलांडणारे कोणतेही माप, मग फरक एका मायक्रॉनचा का असेना, ‘बदल’ या सदरातच नोंदवावे.

मसुद्यात एक भर सुचवतो : जेथे ‘तयारी’ हा शब्द येईल तेथे ‘प्रतीवर’ हेही लिहावे, कारण बुजवलेल्या भोकांचे मॉडेल मूळ फाइलच्या नावाने जतन झाले, तर पुढच्या सेटअपमध्ये ड्रिलिंगसाठी भोकेच सापडत नाहीत.