स्टार्टअपमध्ये पैसे घालण्याआधी वस्तू स्वतः वापरून पाहावी का?

स्मिता_नाशिक: माझ्या मते पाहायलाच हवी. आधी वस्तू विकत घ्या, घरी वापरा, मग संस्थापकांचं सादरीकरण ऐका. अमेरिकेतल्या जुसेरो कंपनीत मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी सुमारे 12 कोटी डॉलर ओतले होते. कशासाठी, तर वाय-फायवर चालणारं रस काढायचं यंत्र, सुरुवातीची किंमत 699 डॉलर! एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी त्याच कंपनीची रसाची पिशवी नुसत्या हातांनी पिळून दाखवली. रस जवळपास तेवढाच निघाला. सप्टेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला. पैसे देणाऱ्यांपैकी एकानेही आधी पिशवी पिळून पाहिली नसेल?

ताळेबंद_आधी: स्मिताताई, पेटीएम तर आपण रोज वापरत होतो. भाजीवाल्याकडे, रिक्षात, सगळीकडे. ॲपबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. नोव्हेंबर 2021 मध्ये शेअर 2150 रुपयांना दिला आणि पहिल्याच दिवशी तो 27 टक्क्यांनी आपटला. कंपनी नफ्यात कधी येणार, मागितलेला भाव रास्त आहे का, हे ॲप वापरून कसं कळणार? उलट वस्तू आवडली की माणूस आकडे बघायचंच सोडतो. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

चाकणचा_इंजिनिअर: कारखान्यासाठीचं सॉफ्टवेअर असेल तर घरी काय वापरणार? तिथे शिफ्टच्या सुपरवायझरलाच विचारावं.

पिंपळपान: स्वतःच्या आवडीनिवडीवर विसंबण्यातही धोका आहे. 2009 मध्ये घरातली जागा प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर व्हेंचर्स या गुंतवणूक कंपनीकडे गेले होते. परक्याच्या दिवाणखान्यात हवेच्या गादीवर लोक पैसे देऊन झोपतील, हे त्या गुंतवणूक कंपनीला पटलं नाही. नकार दिला. पुढे तिथल्याच फ्रेड विल्सन यांनी ती चूक जाहीरपणे लिहिली.

स्मिता_नाशिक: पण ते कल्पनेवरून ठरवणं झालं. मी म्हणतेय एक रात्र तिथे राहून बघा! पेटीएमचा मुद्दा मात्र खरा आहे. वापरून पाहिल्यावर 'घ्या' असा कौल मिळत नाही, 'नको' असा मिळू शकतो. आकडे तपासावेच लागतात. पण वापरू द्यायलाच कुणी टाळाटाळ करत असेल तर? रक्तचाचणीचे खोटे दावे करणाऱ्या थेरानोस कंपनीशी भागीदारी जुळवताना वॉलग्रीन्स या अमेरिकेतल्या औषधदुकानांच्या साखळीच्या सल्लागाराने प्रयोगशाळा दाखवा म्हटलं, ती दाखवली नाही. तरी वॉलग्रीन्स पुढे गेली, कारण प्रतिस्पर्धी आधी करार करेल ही धास्ती. मी असते तर तिथूनच परत फिरले असते.

ताळेबंद_आधी: एवढं मान्य. पण माझा क्रम तोच राहील, पहिल्यांदा ताळेबंद.