प्रतिसाद: महिला फुटबॉलचा आशिया कप आपल्यासाठी नवा नाही

वर कुणीतरी लिहिलं की भारताच्या मुली २०२२मध्ये पहिल्यांदा आशिया कपात दिसल्या. नाही बाप्पा! पहिली स्पर्धा १९७५मध्ये हाँगकाँगला झाली अन् जिंकली चक्क न्यूझीलंडनं, थायलंडला ३-१ हरवून. पुढं कालिकतच्या स्पर्धेत भारत अंतिम फेरीत पोहोचला, तैवानकडून हरला. १९८३मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. म्हणजे आपण दोनदा उपविजेते, अन् हे आमच्या दारव्ह्याकडच्या फुटबॉलवेड्या पोरांनाही माहीत नाही.

२०२२चं दुःख वेगळंच. स्पर्धा आपल्याच राज्यात, मुंबई-नवी मुंबई-पुण्यात. इराणशी ०-० झालं अन् मग संघात कोरोना शिरला. तैवानविरुद्ध किमान लागणाऱ्या १३ खेळाडूसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत, स्पर्धेतूनच बाहेर. त्या दिवशी आमच्याकडं तीन-चार पोरी टीव्हीपुढं बसून होत्या, सामनाच नाही म्हटल्यावर उठून वावरात कापूस वेचायला गेल्या.

जुलै २०२५मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून २०२६ची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून मिळवलेलं हे पहिलंच तिकीट. आमच्याकडच्या त्याच पोरी आता सोयाबीन निघालेल्या वावरात तुराट्या रोवून गोलपोस्ट करतात.