मदत हवी आहे: लेथवर फिरवून आणलेलं अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील. बसवू, दुरुस्त करू की विकून टाकू?

नमस्कार मंडळी,

गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन. मुक्काम कोल्हापूर. चार वर्षांपूर्वी एका मित्राने ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानातली वेळेवरची गाड्यांची शर्यत) सोडलं, तेव्हा त्याचं परदेशी बनावटीचं अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील मी घेतलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर भरलं साडेतीन किलो. मूळचं लोखंडी त्याच काट्यावर सातच्या वर गेलं होतं. ज्यांनी असलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, क्रँकला, बोल्टांनी जोडलेलं जड चाक; इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लच प्लेट त्याच्या तोंडावर दाबली जाते. पण यात क्लच प्लेट अ‍ॅल्युमिनियमवर घासत नाही. तो धातू मऊ, बघता बघता खाल्ला जाईल. म्हणून तोंडावर पोलादी चकती असते, स्क्रूंनी आवळलेली, आणि प्लेट घासते ती तिच्यावर.

यंदा पावसाळ्यात करूळ घाटात एसटीच्या मागे अडकलो आणि पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. गिअरबॉक्स उतरवला. चकतीवर निळे डाग, त्यांच्या भोवती केसासारख्या बारीक चिरा. मेकॅनिक म्हणाला, तोंड फिरवून घ्या. उद्यमनगरात एका टर्नरकडे दिलं. "काय काळजी करू नगा, आरशागत करून देतो," म्हणाला. आणि खरंच आरसा करून दिला, त्यात माझा पडलेला चेहरा स्वच्छ दिसला. त्याला तरी काय बोलणार? हयात लोखंडी फ्लायव्हील फिरवण्यात गेली, आणि हे वेगळं आहे हे मीच सांगितलं नव्हतं.

घरी आणून व्हर्नियरने मोजलं, तर चकती कडेच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ०.६ मिमी खाली गेली आहे. आधी दोन्ही एका पातळीत होतं. सहापैकी दोन स्क्रूंच्या डोक्यांना टूल चाटून गेलंय, प्रत्येकावर चंद्रकोरीएवढी चकाकी. नख फिरवलं तर स्क्रू आणि चकती यांच्यातली पायरी लागतच नाही. शिवाय जिथे निळे डाग होते तिथे बोटाला किंचित उंचवटा जाणवतो. फिरवूनही उंचवटा कसा राहिला?

खरी अडचण पुढेच आहे. फोटो पाहून पुण्याचा एक मुलगा आठ हजार द्यायला तयार झालाय. त्याचा एकच प्रश्न, "मशिनिंग केलेलं आहे म्हणजे थेट बसवता येईल ना?" दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: टूलरूमवाला

आधी उंचवट्याचं. निळा डाग म्हणजे तिथलं पोलाद लाल होईस्तोवर तापलं आणि बाजूच्या थंड धातूने त्याची उष्णता झटक्यात ओढून घेतली. तेवढाच भाग पाणी दिलेल्या छिन्नीसारखा कडक झाला. लेथचं टूल तिथे आलं की दबतं, वरून उडी मारून पुढे जातं. म्हणून असं तोंड टर्निंग करायचं नसतं, ग्राइंड करायचं. पण कडकपणा खोलवर गेला असेल, तर ग्राइंड करूनही डाग परत येतो.

०.६ मिमीचं गणित सोपं आहे. प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) बसते कडेच्या अ‍ॅल्युमिनियमवर, ती जागची हलली नाही. क्लच प्लेट मात्र तेवढी आत गेली. म्हणजे नवी कोरी प्लेट टाकलीस तरी पहिल्याच दिवशी ती ०.६ मिमी झिजल्यासारखी वागणार. प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की त्या बोटांना ढकलणारं) सरकणार, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीला ते मोकळं जातं तेवढं अंतर, कमी होणार. कडेचं अ‍ॅल्युमिनियमही तेवढंच उतरवून हे जमवता येतं, पण स्क्रूंची डोकी त्याने खाली जात नाहीत, क्लच प्लेट त्यांच्यावर घासू शकते. तीच खरी भीती आहे.

तेव्हा आहे तसं बसवू नकोस.

प्रतिसाद: डिझेलमामा

अरे, एवढा उदास कशाला होतोस? ती चकती बदलण्यासाठीच स्क्रूंनी बसवलेली असते. बनवणाऱ्याची मिळाली तर उत्तम. नाहीतर ईएन एटच्या (मध्यम कार्बनचं पोलाद) प्लेटमधून कापून घे, दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर समांतर करून. जाडी मूळ चकतीएवढी ठेव, आणि ती मोजायची बाहेरच्या न घासलेल्या कडेवर, टूल तिथे पोचलं नसेल तर. स्क्रू नवे हाय टेन्साइल, डोकी चांगली खाली बुडलेली. बसवल्यावर डायल (बारीक चढउतार दाखवणारं मापक) लावून तोंड डुगडुगत नाही ना बघ, मग बॅलन्सिंग. हे शेवटचं टाळणारे बरेच आहेत, आणि मग इंजिन थरथरतं म्हणून माउंटिंग बदलत बसतात.

एक लक्षात ठेव. स्क्रू सुटेना म्हणून गॅसची ज्योत लावू नकोस. तापलं की अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि दोनशे अंशांच्या पुढे नेलंस की त्याची ताकदच उतरते. दिसायला काहीच फरक दिसत नाही, तेच वाईट.

आणि पैसे घालण्याआधी डाय पेनिट्रंट (न दिसणाऱ्या चिरा उघड करणारा रंग) मारून घे. तू कोल्हापुरात राहतोस, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत. लाल रंग, पुसणे, पांढरी पावडर. क्रँकच्या बोल्टांच्या भोकांशी लाल रेघ उमटली, तर ते फ्लायव्हील भंगारात. विकायचंही नाही. साडेसहा हजार आरपीएमला फुटलं तर ते बेल हाउसिंगला, म्हणजे भोवतीच्या कवचाला, जुमानत नाही, आणि त्याच्या मागे गाडीत तुझे पाय असतात.

धागाकर्ता:

टूलरूमवाला, मामा, आभारी आहे. पुण्याच्या मुलाला मापं, स्क्रूंचे जवळून काढलेले फोटो, सगळं पाठवलं आणि लिहिलं, "थेट बसणार नाही, घेऊ नकोस." त्याचं उत्तर आलं, "मग नुसती बॉडी कितीला?" पोरगं हुशार आहे.

काल पेनिट्रंट मारून घेतलं. क्रँकची भोकं स्वच्छ निघाली. चकतीवर मात्र एका स्क्रूपासून दुसऱ्यापर्यंत लाल रेघ गेलेली, म्हणजे ती तशीही मेलेलीच होती. मी तिला पॉलिश करून आणलं, एवढंच.

आज पाच स्क्रू सुटले. चकतीखाली काळी भुकटी साचलीय, म्हणजे ती बहुधा जागेवर हलत होती, थरथरण्यात तिचाही हात असणार. सहावा स्क्रू टूल लागलेल्या दोघांपैकीच एक आहे. त्याचं षटकोनी भोक उथळ झालंय आणि ॲलन की नुसती गोल फिरते. ज्योत लावायची नाही हे कळलं. मग डोकं ड्रिल करून उडवू का? आणि किती मिमीचं ड्रिल घेऊ, म्हणजे खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांना धक्का लागणार नाही?